सहज बसणारा खांदा

माझ्याकडे येणाऱ्या पेशंटांमध्ये एक प्रकार असा असतो, की ते दुखणं सांगतच नाहीत, कौतुक सांगतात. "मॅडम, माझा खांदा निखळतो, पण मी स्वतःच बसवतो. कोणाची गरज लागत नाही." हे वाक्य मी अमरावतीत आणि त्याआधी अकोल्यात इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की बोलणाऱ्याचा चेहरा पाहूनच मला ते येणार हे कळतं. एक पीटीचे शिक्षक होते. ते शाळेच्या गॅदरिंगला पोरांसमोर खांदा काढून दाखवायचे आणि परत बसवायचे. पोरं टाळ्या वाजवायची. सर माझ्याकडे आले ते मात्र खांद्यासाठी नाही, तर फळ्यावर लिहिताना खडू हातातून सुटायला लागला म्हणून.

अशा माणसांना पहिली गोष्ट सांगायची ती त्यांना मुळीच आवडत नाही. पहिल्यांदा खांदा निखळतो तेव्हा तो बसवताना माणूस ओरडून दवाखाना डोक्यावर घेतो. पुढेपुढे नुसता 'कट्' असा आवाज होतो आणि काम झालं. त्याला वाटतं, आपल्याला सवय झाली. खरं म्हणजे खांद्याला धरून ठेवणारे जे सगळे असतात, ते एकेक करून सैल पडलेले असतात. ज्या दाराची कडीच तुटली आहे ते उघडायलाही सोपं आणि लावायलाही सोपं. खांदा जितका सहज बसतो, तितका तो जास्त बिघडलेला असतो.

मी फिजिओथेरपिस्ट. आज हा शब्द परतवाड्याच्या बसस्टँडवरही लोकांना कळतो, पण मी शिकून आले तेव्हा आमच्या घरातच कोणाला उच्चारता येत नव्हता. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते लोकांना "पोरगी डॉक्टरकीच्या बाजूचं काहीतरी करते" असं सांगायचे. माझ्या आत्यानं स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांना सरळ सांगितलं होतं, की ती दवाखान्यात लोकांचे हातपाय दाबते. ते स्थळ परत आलं नाही, आणि ते बरंच झालं. नोकरीची सगळी वर्षं मी लोकांना सांगत राहिले, की आम्ही दाबत नाही, आम्ही करवून घेतो. पेशंट झोपून राहील आणि आपण त्याला बरं करू, असं आमच्या धंद्यात काही नसतं. घाम त्याचा, ओरडणं आमचं.

निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत सकाळी काही तास पेशंट बघते. आणि एका संस्थेच्या शिबिरांना अधूनमधून मेळघाटात जाते. पुढे जे सांगणार आहे ते अशाच एका शिबिराहून परतताना घडलं. पण त्याआधी खांद्याबद्दल चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर मी कशाला घाबरले ते कळणार नाही.

कमरेखालचा खुब्याचा सांधा म्हणजे खोल वाटीत बसलेला गोळा. तो सहसा जागा सोडत नाही. खांद्याची वाटी मात्र वाटी नाहीच, बशी आहे. छोट्या बशीवर मोठं संत्रं ठेवा आणि बशी उभी धरा, असा तो सगळा कारभार. म्हणूनच हात पाठीमागे जातो, डोक्यावर जातो, गोल फिरतो. बशीला कडेनं एक रबरासारखा काठ असतो, भोवती एक पिशवी असते. आणि खरा भार असतो तो चार स्नायूंवर. हे पाठीमागच्या फऱ्यापासून, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडापासून निघतात आणि त्यांची दोरीसारखी टोकं चारी बाजूंनी त्या गोळ्याला येऊन चिकटतात. या टोकांना आम्ही टेंडन म्हणतो. बैलाचा कासरा हातात असला की बैल जागेवर राहतो, तसं हे चौघं मिळून गोळ्याला बशीवर दाबून धरतात.

खांदा एकदा निखळला की बहुतेक वेळा आधी पुढचा काठ फाटतो आणि पिशवी ताणली जाते. ती पहिल्यासारखी होत नाही. मग थोड्याशा कारणानं दुसऱ्यांदा, त्याहून थोड्या कारणानं तिसऱ्यांदा. दर वेळी त्या चार दोऱ्यांना हिसका बसतो. विशी-पंचविशीत त्या दोऱ्या नव्या असतात, हिसके सोसतात. चाळिशी ओलांडली की जुन्या चऱ्हाटासारख्या विरलेल्या असतात. मग एखाद्या दिवशी गोळा जागेवर परत जातो, पण दोरी तुटून मागे राहते. आणि तुटलेली दोरी ओढण्याचं काम ज्या स्नायूकडे होतं, तो रिकामा बसतो. रिकामा स्नायू वाळतो. पुढे त्याच्यात चरबी भरते. एकदा चरबी भरली की जगातला कोणताही सर्जन दोरी पुन्हा शिवून काही उपयोग होत नाही, कारण ओढणारा उरलेलाच नसतो.

हे मला पुस्तकानं शिकवलं, पण डोळ्यांनी दाखवलं ते चांदूर बाजारकडच्या एका संत्र्याच्या बागवाल्यानं. साठीचे गृहस्थ, आवाज मोठा, मिशा मोठ्या. खांदा वर्षानुवर्षं निखळत होता आणि ते हसण्यावारी नेत होते. एकदा शिडीवरून तोल गेला, फांदी धरली, खांदा निखळला, गड्यानं ओढून बसवला. त्या दिवसापासून हात वर जात नव्हता. "बसला तं हाय," असं म्हणत त्यांनी दोन दिवाळ्या काढल्या. माझ्याकडे आले तेव्हा पाठीवर फऱ्याच्या जागी खळगा पडलेला होता, माझी मूठ त्यात मावली असती. मी त्यांच्यासोबत सर्जनकडे गेले. सर्जन बराच वेळ चित्रं बघत राहिले आणि मग म्हणाले, की उशीर झाला. तो मोठ्या आवाजाचा माणूस डाव्या हातानं शर्टाची बटणं लावत बसला. पुढे ते डाव्या हातानं जेवायला शिकले. जेवणाच्या पंगतीला जाणं मात्र त्यांनी बंद केलं, असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं.

त्यांची आठवण मला घाटात झाली.

शिबिर चिखलदऱ्याजवळच्या एका गावात होतं. डॉक्टर मंडळी दुसऱ्या गाडीनं दुपारीच निघून गेली होती. माझे गुडघेदुखीवाले पेशंट संपता संपेनात म्हणून मी मागे राहिले. मला घेऊन यायला अंबादास थांबला होता. अंबादास म्हणजे परतवाड्याचा जीपवाला. वय पंचेचाळीसच्या आसपास, बारीक, उंच, मितभाषी. शिबिरांना त्याचीच गाडी असायची. त्याचा खांदा निखळतो हे मला माहीत नव्हतं. आम्ही कितीतरी वेळा एकत्र प्रवास केला होता आणि मी खांद्याची डॉक्टरीण म्हणून शिबिरात मिरवत होते, पण या माणसानं मला कधी कळू दिलं नाही. कळलं तर शिबिराची गाडी जाईल, असं त्याला वाटत असावं.

उतरताना एका वळणावर मागच्या सीटवरची माझी पिशवी घसरली. तिच्यात व्यायामाची वजनं होती. खडखडाट झाला आणि अंबादासनं मागे न बघता डावा हात मागे टाकला, पिशवी अडवायला. कोणीही टाकला असता. पण सैल खांद्याला सगळ्यात वाईट कोणती हालचाल असेल तर ती हीच, हात बाजूला आणि मागे, तळवा वर. मला 'कट्' ऐकू आला नाही. त्याचा श्वास मात्र ऐकू आला.

गाडीचा वेग कमी झाला, ती डोंगराच्या बाजूला सरकली आणि कडेच्या मातीत तिरपी थांबली. उजव्या हातानं त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, पाय ब्रेकवर होता. डावा हात दोन सीटांच्या मध्ये परक्याचा असल्यासारखा पडला होता.

"मॅडम," तो अगदी शांत आवाजात म्हणाला, "हँडब्रेक वढा. माया हात कामाचा नाई."

मी ओढला. मग त्यानं सांगितलं तसं खाली उतरून चाकाखाली दगड लावले. समोर दरी होती आणि दरीच्या कडेला गोऱ्ह्यानं धडक दिली तरी पडेल असा एक बारीकसा कठडा. घाईत एक दगड पायावर पडला. ते मला दुसऱ्या दिवशी पाय सुजला तेव्हा कळलं.

तो उतरला, रस्त्याच्या कडेला बसला, डावा गुडघा जवळ घेतला आणि उजव्या हातानं डावा हात उचलून दोन्ही हातांची बोटं गुडघ्यापुढे गुंफली. मग डोळे मिटून हळूहळू मागे रेलला. मी इतक्या जवळून कोणाला असं करताना पाहिलेलं नव्हतं. गोळा सरकत सरकत जागेवर गेला. त्यानं डोळे उघडले आणि थोडं लाजल्यासारखं हसला. म्हणाला, झालं, बसा मॅडम, जाऊ. खांदा पहिल्यांदा निखळला तो गावच्या कबड्डीत, लग्नाच्याही आधी. मोजणं त्यानं कधीच सोडून दिलं होतं.

मी काही बोलणार तेवढ्यात तो गाडीत बसला आणि गिअरकडे हात न्यायला गेला. हात निघाला नाही. त्यानं परत प्रयत्न केला. खांदा कानाकडे उचलला गेला, हात मांडीवरच राहिला. ते हसू तसंच चेहऱ्यावर विसरल्यासारखं राहिलं होतं.

"असं कधी झालं नव्हतं," तो म्हणाला. "हात उठूनच नाई राहिला."

मी त्याच्या शर्टाची बाही वर केली आणि खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पोलिसांच्या गणवेशावर बिल्ला असतो तिथे, बोट फिरवलं. विचारलं, कळतं का? तो म्हणाला, कळतं, पण गोधडीवरून कोणी बोट फिरवल्यासारखं. खांद्याला जी गोलाई देतो त्या मोठ्या स्नायूची नस गोळ्याच्या खालून वळसा घालून जाते. गोळा निसटला की ती कधीकधी चेपते. म्हणजे नस गेली होती, किंवा दोरी तुटली होती, किंवा दोन्ही. बागवाल्यांच्या पाठीवरचा तो खळगा माझ्या डोळ्यांसमोर आला.

माझ्याजवळ ओढणी होती, तिची झोळी करून हात गळ्यात बांधला. प्रश्न होता तो खाली कसं जायचं. फोनला रेंज नव्हती. मला गाडी येते, पण अमरावतीच्या रस्त्यावरची, भाजी आणण्यापुरती. अंबादासनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मी बाजूले बसतो, तुमी चालवा.

तो उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. ब्रेकवर पाय ठेवायला लागले की तो म्हणायचा, नका दाबू, इंजिनच धरून राहिलं तिले. वळण आलं की आधी सांगायचा, हॉर्न द्या. समोरून ट्रक आला तेव्हा मी ब्रेककडे पाय नेला, तर तो म्हणाला, "थो थांबते. आपण चढणारे नाई, घाटात मान चढणाऱ्याचा, पण थो थांबते. तुमाले पाहून थांबते." ट्रकवाल्यानं खरंच गाडी थांबवून आम्हाला जागा दिली आणि बाई जीप चालवते आहे आणि बाजूला माणूस झोळी बांधून बसला आहे, हे दृश्य डोळे भरून पाहिलं. सपाटीला लागल्यावर अंबादास म्हणाला, की मॅडम, तुमी बऱ्या चालवता. मी त्याला म्हटलं, की आता तुझं मी ऐकलं, यापुढे तू माझं ऐकायचं.

परतवाड्याला एक्स-रे काढला. हाड ठीक, गोळा जागेवर. आणि तिथेच घोळ झाला. अंबादासनं एक्स-रे उजेडात धरून पाहिला आणि त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

चार-पाच दिवसांनी तो बायकोला घेऊन अमरावतीला माझ्याकडे आला. बायको वनिता, ठेंगणी, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. त्यानं घरी फक्त "मुरगळला" एवढंच सांगितलं होतं. मला वाटलं होतं तिला काही माहीत नसेल. पण मी बोलायला लागले तसं दिसलं, की तिला सगळं माहीत होतं, फक्त कोणी तिला विचारलं नव्हतं.

हात अजून उठत नव्हता. बधिरपणा तसाच होता. अंबादासचं म्हणणं एकच होतं: व्यायाम द्या. खांदा तर जागेवर आहे, ताकद आली की होईल. माझ्या धंद्याची गंमत अशी, की लोकांना व्यायाम करायला लावता लावता आयुष्य गेलं, आणि इथे एकजण व्यायाम मागत होता आणि मला नाही म्हणायचं होतं. मी टेबलावरची बशी आणि फळांच्या टोपलीतलं संत्रं घेऊन त्याला सगळं दाखवलं. सांगितलं, की दोरी शाबूत असेल तर ओढणाऱ्याला मी ताकद देऊ शकते. दोरीच तुटली असेल तर ओढणारा कितीही दणकट झाला तरी काय ओढणार? आणि ती तुटली आहे का, हे एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रेला हाड दिसतं, मांस दिसत नाही. त्यासाठी एमआरआय काढून अकोल्याच्या सर्जनला दाखवायला हवं.

त्यानं बशीवरचं संत्रं उचलून टोपलीत ठेवलं. मग म्हणाला, की ऑपरेशन केलं आणि हात आहे तोही गेला तर? त्याच्या चुलत्याचं असं काहीतरी झालं होतं. ही भीती खोटी नव्हती. मी त्याला हात नक्की बरा होईल असं सांगितलं नाही, कारण ते मला माहीत नव्हतं. फक्त बागवाल्यांची गोष्ट सांगितली, जशी वर लिहिली तशी, पंगतीसकट.

 वनिता उठली, पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, "बसला, बसला म्हणून तुमी मले लग्नापासून सांगून राहिले. बसला तं उठत काहून नाई? आपण अकोल्याले जाऊ."

अकोल्याचे डॉक्टर माझ्या ओळखीचे. मी तिकडे नोकरीला असताना ते नवीन होते. आता ते दुर्बिणीतून खांद्याचीच ऑपरेशनं करतात. हळू बोलतात, पेशंटला खुर्ची स्वतः ओढून देतात. मीही सोबत गेले. जायचं काही कारण नव्हतं, पण तो बागवाला माझ्या डोक्यातून जात नव्हता.

एमआरआयची चित्रं डॉक्टरांनी पडद्यावर लावली. पुढचा काठ फाटलेला, तो बहुधा कबड्डीपासूनच. पिशवी सैल. वरची दोरी हाडापासून पूर्ण सुटलेली, तिच्या शेजारची अर्धी. डॉक्टर एकेक दाखवत होते आणि अंबादास खाली बघत होता. मी मात्र पडद्यावर वेगळंच शोधत होते. डॉक्टरांनी ते चित्र शेवटी लावलं. फऱ्याचा आडवा छेद. त्यात स्नायू आपल्या जागी भरलेला होता, थोडा बारीक, पण करडा, सलग. चरबीचे पांढरे पट्टे नव्हते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. 

ते अंबादासला म्हणाले, "तुम्ही वेळेत आलात. ओढणारा जिवंत आहे. दोरी मी बांधून देतो." नसेबद्दल मात्र ते म्हणाले, की तिथे त्यांचा हात चालणार नाही. ती चेपली असावी, तुटलेली नसावी. बहुतेक वेळा आपोआप जागी होते. कधी, ते सांगता येत नाही.

ऑपरेशन ठीक झालं. काठ परत बशीला टाचला, दोऱ्या हाडाला बांधल्या. मग हात झोळीत. जीप वनिताचा भाऊ चालवू लागला आणि अंबादास घरी बसला. आयुष्यभर फिरलेला माणूस घरी बसला की कसा होतो ते मी पुष्कळ पाहिलं आहे. तो भिंतीला टेकून बसायचा आणि मेहुण्याला गाडीच्या आवाजावरून सूचना द्यायचा, असं वनिता सांगायची.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर माझं काम सुरू झालं. लोकांना वाटतं शिवलेला खांदा लवकर हलवला की लवकर बरा होतो. उलट आहे. शिवलेली दोरी हाडाला चिकटायला वेळ घेते, आणि त्या काळात पेशंटला बरं वाटायला लागतं. हाच आमच्यासाठी सगळ्यात धोक्याचा काळ. दुखत नाही म्हणून माणूस बादली उचलतो आणि सगळं परत पहिल्यावर. म्हणून आधी हात मी हलवायचा, त्यानं नाही. मग दाराच्या चौकटीवरून दोरी टाकून चांगल्या हातानं दुखरा हात वर ओढायचा. मग भिंतीवर बोटं चालवत न्यायची. शिवाय फऱ्याचे व्यायाम वेगळे, कारण वर्षानुवर्षं निखळणाऱ्या खांद्याचा माणूस कळत नकळत छातीचे स्नायू आखडून, खांदा पुढे ओढून जगत असतो. मागचे स्नायू काम विसरून जातात. त्यांना काम परत आठवून द्यावं लागतं. अंबादास सगळं करायचा. न सांगता करायचा, न चुकता करायचा.

पण नस जागी होत नव्हती. दर खेपेला शेवटी मी माझी बोटं त्याच्या खांद्याच्या गोलाईवर ठेवायची, म्हणजे जिथे गोलाई होती तिथे, आणि म्हणायची, कोपर बाजूला ढकल. तो डोळे मिटून ढकलायचा. माझ्या बोटांखाली काही नसायचं. हाड हाताला लागायचं, वर ढिली कातडी. तो विचारायचा, आलं का? मी म्हणायची, अजून नाही. या दोन वाक्यांवर आम्ही कितीतरी आठवडे काढले. मध्ये त्यानं यायचं सोडलं. वनितानं फोन करून सांगितलं, की तो म्हणतो, मॅडमचं तोंड पाहवत नाही, 'नाही' म्हणताना त्यांनाच जास्त दुखतं. मी अकोल्याला फोन केला. डॉक्टर म्हणाले, अजून थांबा. थांबणं हा उपचार आहे हे आम्ही दोघंही जाणत होतो, पण दुसऱ्याला थांब म्हणणं सोपं असतं.

मी वनिताला म्हटलं, त्याला सांग, मॅडमनं बोलावलं आहे, ठरलं होतं ऐकायचं म्हणून. तो आला. रिद्धपूरला दर्शनाला जाऊन आले होते दोघं, तिथला प्रसाद माझ्या हातावर ठेवला. नेहमीचे व्यायाम झाले. शेवटी मी बोटं ठेवली आणि सवयीनं म्हटलं, ढकल.

बोटांखाली काहीतरी फडफडलं.

पाण्याखाली मासोळी हलावी इतकंच. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. कधीकधी आपल्याला हवं असतं म्हणून वाटतं. म्हटलं, परत. परत फडफडलं. मी त्याचा उजवा हात उचलला, त्याचीच बोटं त्या जागेवर ठेवली आणि म्हटलं, आता ढकल.

त्यानं ढकललं. बराच वेळ तो तसाच बसून राहिला, उजवा हात डाव्या खांद्यावर, जसं कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो.

"हाय," तो म्हणाला. "आत कोणी हाय." मग म्हणाला, "परत करतो." त्यानं परत केलं, आणि परत, आणि मी स्नायू थकेल म्हणून रागावून थांबवेपर्यंत करत राहिला. वनिता बाहेरच्या पायरीवर बसली होती. त्यानं तिला हाक मारून आत बोलावलं आणि तिचीही बोटं तिथे ठेवली. तिला काही कळलं नसावं, इतकं ते बारीक होतं. पण ती हो म्हणाली.

त्यानंतर सगळं हळूहळू पण सरळ गेलं. बधिरपणा कडेकडेनं ओसरला. एके दिवशी तो म्हणाला, की अंघोळीच्या वेळी पाणी गरम लागलं, खांद्याला. गोलाई भरून आली, पहिल्यासारखी नाही, पण शर्ट घातल्यावर दिसणार नाही इतकी. अकोल्याच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, मात्र टपावर सामान चढवायला कायमची मनाई केली. हात पूर्ण मागे जात नाही, आणि मी त्याला सांगून ठेवलं आहे, की तो मागे जात नाही यातच तुझं भलं आहे. आता मागचं सामान तो निघण्याआधी स्वतः बांधून घेतो आणि प्रवाशांना त्यावरून बोलणी खावी लागतात. बागवाल्यांना मी हे देऊ शकले नाही. ते आधी आले असते तर, हा विचार अजूनही येतो. पण हल्ली तो आला की पाठोपाठ अंबादासही आठवतो.

शेवटच्या खेपेला तो व्यायाम दाखवून बाहेर गाडी वळवायला गेला. वनिता मागे राहिली. तिला काही सांगायचं होतं. मी म्हटलं, बस, चहा टाकते. ती बसली नाही. उभ्याउभ्याच तिनं सांगितलं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी झोपेत त्याचा खांदा निखळला होता. झोपेत हात डोक्यावर गेला की निखळायचा. तेव्हापासून ती त्याच्या डाव्या बाजूला, त्याचं मनगट धरून झोपत आली. हात वर जायला लागला की ती जागी व्हायची आणि खाली घ्यायची. बाळंतपणात माहेरी गेली तेव्हा सासूला सांगून गेली होती. त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं. तो सकाळी उठायचा आणि म्हणायचा, आज कसा बरा राहिला.

"परवा दुपारी जेवून थे बाजेवर पडले," ती म्हणाली. "मी भांडे घासून आली तं पाहिलं, हात डोक्यावर. सरळ डोक्यावर, अन् मस्त घोरून राहिले. मी पळाली हात खाली घ्याले. बाजेपाशी गेली अन् थांबली. मनलं, राहू दे."

ती हसली, आणि मग सांगायला लाजल्यासारखं म्हणाली, की ती तिथेच खाली जमिनीवर लवंडली, नुसतं पाहत पडावं म्हणून, आणि तिचा कधी डोळा लागला ते तिलाही कळलं नाही. दोघांना उठवलं ते शेजारणीनं, दिवेलागणीला, घरात काही बरंवाईट झालं की काय म्हणून दार वाजवून वाजवून.